पागोळी नावाची मुलगी

मालती, आपलं भांडण अर्धवटच राहिलं. या शुक्रवारी तू बरक्याला आमच्याकडे जेवायला येणार होतीस. मी सुरमई सांगून ठेवली होती आणि मनात उत्तरंही तयार ठेवली होती. या वेळी तुला मधे बोलू द्यायचंच नाही, असं ठरवलं होतं. सुरमई शेजारी देऊन टाकली. उत्तरं तेवढी राहिली आहेत, ती कुणाला देऊ? म्हणून तुझ्याशीच बोलतेय.

लोक विचारतात, तुमचं नातं काय होतं. मैत्रीण म्हटलं की त्यांचं समाधान होत नाही. श्रीवर्धनची एक मुसलमान बाई, मॉरिशसची एक हिंदू बाई, आणि भेटल्या कुठे, तर ओमानात. मलाच अजून याचं नवल वाटतं, तर त्यांना का वाटू नये?

मस्कतमधल्या अल मवालेहच्या भाजीबाजारात मी माझ्या लेकीवर, सनावर ओरडत होते. "कैऱ्या दाबून बघू नको गं, तो माणूस आता हाकलून देईल आपल्याला!" मागून आवाज आला, "तुम्ही मराठी वापरता?"

वळून बघितलं तर आखूड केसांची, लांब स्कर्ट घातलेली एक बाई हातात पपई घेऊन उभी. मला हसू आलं. "वापरते म्हणजे? बोलते."

"भाजी घ्यायला?"

तो प्रश्न विचारताना तुझा चेहरा मी कधी विसरणार नाही. तुझ्यासाठी मराठी ही आरतीची भाषा होती, गाण्यांची, संध्याकाळच्या वर्गात पाटीवर गिरवायची. घरात तुम्ही सगळे तुमची क्रेओल बोलायचात. मराठीत कुणी कैऱ्यांवरून मुलीवर ओरडतं, हे तू जन्मात पहिल्यांदा ऐकत होतीस. मग तुझी नजर माझ्या स्कार्फवर गेली.

"पण तुम्ही तर मुसलमान."

"मग?"

"आमच्या बेटावर मराठी म्हणजे गणपतीवाले."

"आमच्या गावात गणपतीवालेही मराठी आणि आम्हीही मराठी."

तू ती पपई तशीच धरून उभी राहिलीस. मागचा गाडीवाला "यल्ला, यल्ला" करत होता आणि तू हलेचनास. शेवटी मीच तुला बाजूला ओढलं. पुढे सनाच्या शाळेत फ्रेंच शिकवायला आलेली नवी बाई तूच निघालीस, आणि राहायला आलीस तीही हमरियात, आमच्या पुढच्या गल्लीत. सनाला तू "टीचर" म्हणू दिलं नाहीस. मावशीला तुमच्याकडे तांतीन म्हणतात, तीच तू तिची झालीस.

आपलं पहिलं भांडण गुलमोहरावरून झालं. आमच्या इमारतीमागे एक होता, धुळीने माखलेला, कुणाचं लक्ष नसलेला. मे महिन्यात तो लालभडक झाला आणि तू खिडकीत येऊन म्हणालीस, "हे झाड चुकलंय."

"चुकलंय म्हणजे?"

"गुलमोहर नाताळात फुलतो."

"अगं, मे महिन्यात फुलतो. सगळ्या जगाला माहीत आहे."

"अर्ध्या जगाला," तू म्हणालीस. "उरलेलं अर्धं खाली राहतं."

आणि मग तू तिथंच, माझ्या स्वयंपाकघरात, तुझं वर्ष मला सांगितलंस. डिसेंबरात रस्त्यांच्या दोन्ही बाजूंनी पेटलेले गुलमोहर, टोपल्या भरभरून लिची, आणि घामाने थबथबलेला नाताळ. जानेवारीपासून वादळांची भीती. मग चिनी लोकांचे लाल कंदील आणि फटाके, तमिळ लोकांच्या खांद्यांवर फुलांच्या कावडी. जून-जुलैत थंडी, अंगात स्वेटर, आणि उसाला आलेले रुपेरी तुरे वाऱ्यावर असे डोलणारे की डोंगराखाली दुसरा समुद्र असावा. थंडी सरता सरता गणपती. दिवाळी उकाड्यात.

"दिवाळीला उकडतं?" मी विचारलं.

"पहाटेसुद्धा."

माझ्या डोक्यात दिवाळी म्हणजे थंडीची पहिली चाहूल. गणपती म्हणजे पाऊस, चिखल, छत्र्या. आमच्या घरात गणपती बसत नव्हता तरी शेजारच्या पाटलांकडून पानात बांधलेले मोदक यायचे, ते भिजलेलेच. सण आणि हवा एकमेकांपासून सोडवता येतात, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. तुझ्या माणसांनी ते सोडवले होते. उसाच्या मळ्यांवर मजुरीला जायला बोटीत बसताना सण बरोबर घेतले, हवा मागे ठेवली. उतरले तिथली हवा वेगळी, ऋतू उलटे, तरी त्याच तिथीला तोच देव मांडला. हे ऐकताना माझी भाजी करपली होती.

इथले सणही तू सोडले नाहीस. रमजानात इफ्तारला तू डाळीचे ते बारीक तिखट वडे आणायचीस आणि त्यांना गातो पिमां असं भारदस्त नाव सांगायचीस. मी म्हणायचे, हा तर डाळवडा. तू म्हणायचीस, त्याने समुद्र ओलांडलाय, त्याला नवं नाव मिळणारच. अर्ध्या रमजानला ओमानी मुलं नटूनथटून गाणी म्हणत दारोदार खाऊ मागायला येतात, ती पहिल्या वर्षी तुझ्या दारात आली तेव्हा घरात काहीच नव्हतं म्हणून तू त्यांना साखर वाटलीस. पुढच्या वर्षी आठवडाभर आधीच पिशवी भरून ठेवली होती. "आणखी एक सण मिळाला," म्हणालीस. दुसऱ्या कुणाला साडी मिळाल्यावर जो आनंद होतो, तो तुला सण मिळाल्यावर व्हायचा.

बरीच वर्षं तू मला तुमच्या बेटावर गणपतीला बोलवत होतीस. आमचं बिऱ्हाड दुकानासाठी बरक्याला हललं, तुझं येणं शुक्रवारपुरतं राहिलं, तरी बोलावणं चालूच होतं. शेवटी गेल्या गणपतीत मी आणि सना तुझ्याबरोबर निघालोच. नवऱ्याला, इक्बालला विचारलं तर तो म्हणाला, "जा गो, बघून ये. मोदक आले नाहीत असा एक गणपती मला आठवत नाही."

विमानतळावरून जाताना मी एकसारखी बाहेर बघत होते. दोन्ही बाजूंना ऊस, अर्धा कापलेला, आणि उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे ढिगारे. घराएवढे उंच, भिंतीसारखे रचलेले. एक संपला की दुसरा.

"हे कुणी बांधलं?"

"बांधलं नाही. उचललं," तू म्हणालीस. "ऊस लावायला जमीन मोकळी करायची होती. आमच्या लोकांनी, बिहारच्या लोकांनी, तमिळ लोकांनी. हातांनी."

मी गाडी थांबवायला लावली. उतरून एका ढिगाऱ्यावर हात ठेवला. आपल्याच डोंगरांसारखा काळा, भोकाभोकांचा, उन्हाने तापलेला दगड. त्यातला प्रत्येक कुणीतरी वाकून उचलला होता. त्या लोकांमधलं कुणी आमच्या खाडीवरून बोटीत चढलं असेल, आमच्या बोलीत कण्हलं असेल. मशिदीत मान वर करून घुमट बघताना होतं, तसं काहीतरी मला त्या दगडांपुढे झालं. तू गाडीतून उतरली नाहीस. तुला ते रोजचं होतं. किंवा मला एकटीला बघू द्यायचं होतं. विचारायचं राहून गेलं.

तुझं गाव डोंगर आणि समुद्र यांच्या बेचक्यात. तुझ्या भावाचं, विष्णूचं घर, त्यात मखर, मखरात गणपती. बाहेर कोरडं ऊन, गार वारा, पावसाचा पत्ता नाही. समोरच्या मुसलमान दुकानदाराने केळ्यांचा घड आणून दिला, शेजारची ख्रिश्चन बाई फुलं देऊन गेली, आणि कुणालाच त्यात काही विशेष वाटत नव्हतं. मी ओटीवर बसणार होते, तर विष्णूने आतली खुर्ची पुढे ओढली. "बस, दीदी. तू भारतची."

दुपारी अंगणात झाकरी सुरू झाली. आमच्याकडे जाखडी म्हणतात, एवढाच फरक. गोल धरून, पायांत चाळ बांधून, तोच ठेका. तुमचे भिवाकाका ढोलकी घेऊन मधे बसले होते. पिकल्या केसांचे, मराठीत जेमतेम दोन वाक्यं बोलू शकणारे, पण गाणी मात्र एकामागून एक, न अडखळता.

"पागोळी आली गो, पागोळी आली, दारात नाचून ओली झाली."

पोरी पदर डोक्यावर घेऊन लाजत नाचत होत्या. मी तुला विचारलं, "ही पागोळी कोण?"

"मुलगी," तू म्हणालीस. "पावसात नाचत येते. दारापर्यंत येते आणि थांबते. कुणी बोलवलं नाही म्हणून आत येत नाही. माझी आजी गणपतीत तिच्यासाठी उंबऱ्यावर ताट वाढून ठेवायची."

"अगं मालती," मी म्हटलं, आणि तिथं गप्प बसायचं मला सुचलं नाही, "पागोळी म्हणजे छपरावरून गळणारं पाणी. पाऊस पडला की कौलांच्या टोकांवरून धारा लागतात ना, ती."

गाणं थांबलं. भिवाकाकांनी क्रेओलमध्ये तुला विचारलं, ती काय म्हणतेय? तू सांगितलंस. तुझा चेहरा अगदी घट्ट झाला होता. काकांनी ऐकलं आणि हळूहळू मान वर केली. समोर विष्णूच्या घरावर सिमेंटचा सपाट स्लॅब होता. त्यांच्याबरोबर मीही बघितलं, आणि मला कळलं. जिथं वादळ छप्पर उचलून समुद्रात टाकतं, तिथं शेवटी लोक स्लॅब घालतात. स्लॅबला वळचण नसते. पागोळीला गळायला जागाच उरली नाही. पण शब्द गाण्यात होता, आणि गाणं सोडायचं नव्हतं. मग तुमच्या आज्यांनी तिला पाय दिले, चाळ दिले, तिच्यासाठी ताट वाढलं.

काकांनी ढोलकीवर थाप मारली आणि पुन्हा तेच कडवं सुरू केलं. या वेळी जरा मोठ्याने.

तू माझ्यावर रागावलीस. विसर्जनाला समुद्रावर जाताना पुढे पुढे चालत होतीस, सनाचा हात धरून, माझ्याकडे न बघता. निळ्या, काचेसारख्या पाण्यात तुम्ही कमरेएवढे उतरलात, आणि परत आल्यावर ओल्या साडीने माझ्यासमोर उभी राहून म्हणालीस, "तुला सगळीकडे पाणीच दिसतं."

"कारण ते पाणीच आहे."

"माझी आजी पाण्याला जेवायला वाढत होती का?"

पण मी गप्प बसले नाही, हे तुला माहीतच आहे. मस्कतला परत आलो तरी ते चालू राहिलं. मी शब्दाचा अर्थ सांगायचे, तू आजीचं ताट पुढे करायचीस. तू म्हणायचीस, "अर्थ तुम्ही ठेवलात गावात. आम्हाला नुसता आवाज दिलात. त्याचं आम्ही काय केलं, ते तुम्ही नाही ठरवायचं." मी म्हणायचे, "मी कुठे ठरवतेय? मी नुसतं सांगतेय." इक्बाल वैतागून म्हणायचा, "खलास करा आता दोघी."

आणि मग मागच्या महिन्यात बरक्यात पाऊस पडला. इकडचा पाऊस, वर्षातून कधीतरी येणारा, आला की रस्तेच वाहून नेणारा. तू दुकानात आमच्याबरोबर अडकलीस. इक्बालने दुकानापुढे पत्रा टाकलाय, त्याच्या नागमोडी कडेवरून धारा लागल्या. एकसारख्या, शेजारी शेजारी, जमिनीवर पडून उडणाऱ्या.

मी नुसतं तुझ्याकडे बघितलं.

तू स्टुलावरून उठलीस आणि दारात गेलीस. दुकानात गिऱ्हाईक होतं, ते बघत होतं, तुला त्याचं भान नव्हतं. तू हात पुढे केलास आणि एक धार तळव्यावर घेतलीस. मनगटावरून, बाहीवरून पाणी ओघळू लागलं. मला वाटलं, आता म्हणशील, बरोबर होतं तुझं.

तू वळलीस. गालांवरून पाणी वाहत होतं, त्यातलं पावसाचं किती होतं ते मला कळलं नाही.

"बघ," म्हणालीस. "नाचतेय. मी सांगत नव्हते?"

मी बघितलं. खरंच, मालती, त्या धारा खाली पडून एवढ्याशा उड्या घेत होत्या, पत्र्याच्या कडेवर थांबत होत्या, दारापर्यंत येत होत्या आणि आत येत नव्हत्या. लहानपणापासून शेकडो पागोळ्या बघितल्या असतील मी. वळचणीखाली तांब्या ठेवलाय, पाय धुतलेत. त्यांना नाचताना कधी बघितलं नव्हतं. तुझ्या आजीच्या आजीने बघितलं असेल, आणि तेच गाण्यात घातलं असेल. शब्द आमच्याकडे राहिला. बघणं तुमच्याबरोबर गेलं.

हे मी तुला तिथंच सांगायला हवं होतं. पण तू इतकी जिंकल्यासारखी हसत होतीस की मी म्हटलं, असू दे, पुढच्या शुक्रवारी बघून घेईन हिला. पुढच्या शुक्रवारी तुला परीक्षेचे पेपर तपासायचे होते. त्याच्या पुढच्या शुक्रवारी आम्हाला लग्नाला जायचं होतं. अशा रीतीने या शुक्रवारपर्यंत आलो.

तू शाळेत, मधल्या सुट्टीत, स्टाफरूमच्या खुर्चीवर बसल्या बसल्या गेलीस. हातात चहाचा कप होता, म्हणाले. डॉक्टर येईपर्यंत काही उरलं नव्हतं. मला फोन आला तेव्हा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. अशी सुंदर हवा होती, सगळं आकाश निळं, समुद्रावरून गार वारा. फेब्रुवारीच्या ज्या हवेसाठी आम्ही वर्षभर एसीच्या खोल्यांत दम धरून बसतो, ती. मला त्या हवेचा राग आला.

तुझ्या बेटावर तेव्हा वादळ येऊन थडकलं होतं. विमानं बंद, विमानतळ बंद, लोकांना घराबाहेर पाऊल टाकायची बंदी. विष्णू येऊ शकत नव्हता. तुला नेताही येत नव्हतं. त्याचा फोन लागायचा आणि तुटायचा. त्याची मराठी रडण्यात संपून जायची, माझी हिंदी त्याला कळेना. शेवटी सनाने फोन हातात घेतला आणि तुझ्या क्रेओलमध्ये त्याच्याशी बोलू लागली. मराठीत दोन वाक्यं अडखळत बोलणारी माझी मुलगी, मालती! ती त्याला शांतपणे विचारत होती, समजावत होती, ऐकून घेत होती. तू तिला हे कधी शिकवलंस? मला वाटत होतं, तुम्ही दोघी नुसत्या माझी थट्टा करता त्या भाषेत.

विष्णू म्हणाला, तिथंच करा. वाट बघायला लावू नका तिला.

अग्नी कोण देणार, हा प्रश्न आला. तेव्हा तुझ्या शाळेतले देशमुख सर पुढे आले, नागपूरचे, हिंदी शिकवणारे. वेळापत्रकावरून तुझं ज्यांच्याशी कधी पटलं नाही, तेच. ते म्हणाले, "भाऊ येऊ शकत नाहीये ना त्यांचा? मी आहे." एवढंच. त्यांनी बूट काढले आणि उभे राहिले.

सगळं झालं. वसईची रोझी होती, तुझ्या खालच्या मजल्यावरची, तिने तुला साडी नेसवली. तुझ्या घरमालकिणीने, ओमानी म्हातारीने, लोबान पाठवला. इक्बाल लाकडं लावायला सरांबरोबर वाकला. मी एका बाजूला उभी राहून मनातल्या मनात मला येतं ते म्हणत होते. सनाने फोन उंच धरला होता, चित्र दिसत नव्हतं, नुसता आवाज जात-येत होता. आमच्याकडून आमचं बोलणं जात होतं, पलीकडून वारा येत होता. असा वारा मी कधी ऐकला नव्हता. घर दातांत धरून हलवणारा. आमच्याकडे एक पान हलत नव्हतं, ज्वाळा सरळ वर चालल्या होत्या, आणि त्याच घटकेला त्या फोनमध्ये तुझं बेट गरजत होतं. मी रडायचं विसरून ऐकत राहिले.

काल विष्णूचा फोन आला. वादळ गेलं, वीज आली, घर शाबूत आहे. अस्थी सरांकडे आहेत, विमानं सुरळीत झाली की तो न्यायला येणार आहे. आवाज बसला होता, पण सावकाश, शब्द शोधून शोधून, तो माझ्याशी मराठीत बोलत होता. सनाला त्याने फोन देऊ दिला नाही.

"दीदी," म्हणाला, "त्या दिवशी फोनमध्ये मी ऐकत होतो. सर मराठी बोलले. ती क्रिस्तांव बाई मराठी बोलली. तुझा नवरा बोलला. तू बोललीस. सगळी मराठी. देवाची नाही. घरातली. 'लाकूड इकडे घ्या.' 'सर, सांभाळून.' 'पाणी आणा.'"

"हो," मी म्हटलं.

मग त्याने सांगितलं की तुमच्या घराण्यात कुणालाच माहीत नाही, पणजोबा कुठल्या गावचे. बोटीवर चढताना नाव लिहून घेणाऱ्याने काहीतरी भलतंच लिहिलं, ते कुणाला वाचता आलं नाही. म्हातारी माणसं मरताना म्हणायची, गाव बघायचं राहिलं. कुणाचंच झालं नाही.

"इथं लोक विचारायला येतात," विष्णू म्हणाला. "मालती कुठे गेली? मी त्यांना सांगितलं, ती गावी गेली. गावच्या लोकांनी तिला पोचवलं. बरोबर सांगितलं ना, दीदी?"

मी म्हटलं, "हो विष्णू, गावीच."